चित्र क्रमांक तीन

संशोधन म्हणजे सत्याचा निरपेक्ष शोध, असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो आहे. मुलं ते वाक्य उतरवून घेतात आणि परीक्षेत मला परत देतात. मला स्वतःला हा शोध घ्यायची वेळ आली ती पदोन्नतीच्या फायलीत एक लेख कमी पडला म्हणून.

मी धुळ्यात एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. फाइल तपासून आमच्या हेडक्लार्कनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सर, बाकी सगळं आहे. एक लेख काढून टाका कुठेतरी." दात काढून टाकावा तसं ते म्हणाले.

जळगावहून कलाविषयक एक सहामाही नियतकालिक निघतं. त्याच्या संपादक मंडळाची यादी आतल्या कुठल्याही लेखापेक्षा लांब असते. पुढचा अंक खान्देशातल्या लोककलांवर होता. लोककलेबद्दल मला काय ठाऊक आहे, याचा विचार करत मी खुर्चीत बसलो होतो. थंडीचे दिवस होते. पायांवर अक्काने शिवलेली गोधडी होती. विषय पायांवरच होता.

अक्का म्हणजे माझी आई. ती माहेरी थोरली, म्हणून पाठची भावंडं तिला अक्का म्हणायची. मामा तिला आमच्या घरीही अक्का म्हणत, ते ऐकून आम्ही भाऊ तिला अक्का म्हणायला लागलो, आणि मग गाव. सासरी आली तेव्हा तिचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा शेजारी बसलेल्या करवलीने कानात वाचून दाखवलं आणि अक्काने ते खरं मानलं. हा किस्सा ती रंगवून सांगायची. शेवट ठरलेला असायचा : "ते तांदूय दुसरे दिन रांधी टाकात. बठ्ठासनी मन्हं नाव खाई टाकं." अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळे.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात. मोठा भाऊ आणि वहिनी तिथे शेती बघतात आणि अक्का त्यांच्याकडेच असायची. लेखाचं ठरल्यावर मी रविवारी वही आणि मोबाइल घेऊन गेलो. अक्का ओट्यावर जुनी लुगडी उसवत बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिच्यासमोर पेन उघडून बसलो. ती जरा सावरून बसली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला. तलाठी आल्यावर ओढायची तसा.

"अक्का, हाई कडले लाल त्रिकोण काबर लावस तू?"

"चौकोनले कपडा पुरना नही."

"आनि लालच का?"

"लाल उरेल व्हतं."

मी लिहून घेतलं. सगळी मुलाखत अशीच झाली. मी अर्थ विचारत होतो, ती कापड सांगत होती. एक गोष्ट मात्र तिने आपणहून दाखवली. गोधडी ज्याच्यासाठी असेल त्याच्या जुन्या कपड्याचा एक तुकडा ती आतल्या थरात, एका कोपऱ्यात घालायची आणि वरून त्रिकोण शिवून तो बुजवायची. माझ्या गोधडीत माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. "बाहेरनं दिसस नही," ती म्हणाली, "पन शे."

मी निघायच्या बेतात होतो तेव्हा तिने विचारलं, "मन्हं नाव येई का त्यामा?"

"येई ना."

"कोनतं?"

माझ्या सगळ्या कागदांवर आईचं नाव म्हणून जे होतं ते तांदळातलं. दुसरं एखादं असेल याचा मी कधी विचार केला नव्हता. तिचे आईवडील गेलेले, मामाही गेलेले, आणि मामा तर तिला अक्काच म्हणायचे. म्हणजे ते नाव हाक मारण्यासाठी वापरलं होतं ते बहुधा तिच्या लहानपणी, तिच्या आईने आणि बापाने. तिने ते मला सांगितलं. हळू आवाजात, दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं, आणि सांगितल्यावर स्वतःशीच एकदा पुन्हा म्हणून बघितलं.

"त्या नाववर काहीच नही," ती म्हणाली. "ना घर, ना वावर, ना राशनकार्ड. एक गोधडी ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, राहील. वहीत ते नाव लिहिलं, त्याच्याभोवती चौकट केली आणि तिला दाखवलं. तिने चौकटीवर बोट फिरवलं आणि पुन्हा लुगडं उसवायला घेतलं.

लेख लिहायला दोन महिने गेले. पहिल्या खर्ड्यात लाल कापड उरलं होतं म्हणून लाल त्रिकोण आहेत, असं मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. ते वाक्य वाचताना मलाच बरं वाटेना. एवढ्या तळटीपांच्या वर ते उघडंबागडं दिसत होतं. दुसऱ्या खर्ड्यात त्रिकोण हे सृजनशक्तीचं आदिम प्रतीक झालं. तिसऱ्यात त्याला एक संदर्भही मिळाला. गोधडी तीच होती, तिला अर्थाचं अस्तर लागत चाललं होतं.

नियतकालिकाची नियमावली तीन पानी होती. समास किती, टाइप कोणता, सारांश दोन भाषांत. पण खरा नियम एकच होता : लेखात कुणाचंही नाव नको. परीक्षकाला लेखक कोण हे कळता कामा नये, म्हणून आभार काढायचे, गाव काढायचं, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना क्रमांक द्यायचे. खरी नावं एका बंद पाकिटात वेगळी द्यायची; लेख स्वीकारला की ती पाकिटातून लेखात जातील. नियम वाचून मला बरं वाटलं. स्वतःच्या आईवर लेख लिहिला हे परीक्षकाला कळलं असतं तर हसला असता. मी संगणकावर 'अक्का' हा शब्द शोधून सगळीकडे एकदम 'माहितीदात्री क्र. १' असं केलं. क्षणभरात झालं. क्रमांक दोन कुणी नव्हतीच.

चित्रं चार होती. तिसऱ्या चित्रात ती सगळ्यात जुनी गोधडी, माझ्या पायांवरची. तिच्याखाली मी 'निर्माती' असं लिहून पुढे नुसती रेघ मारली आणि नाव पाकिटात घातलं.

पोस्टाने पाठवायची सोय होती, पण मी स्वतः जळगावला गेलो. पारोळा, एरंडोल करत एसटीने पोचेपर्यंत मांडीवरची फाइल घामाने ओलसर झाली. संपादकांच्या खोलीत चारी भिंतींवर त्यांचे सत्कार स्वीकारतानाचे फोटो होते. प्रत्येक फोटोत शाल वेगळी होती, चेहरा तोच. त्यांनी फाइल हातात घेऊन तिचं वजन पाहिलं.

"गोधडी?" ते म्हणाले. "छान. मातीतला विषय. आमच्या आईच्याही होत्या."

"आता कुठे आहेत?"

"कोण जाणे. गाडी पुसायला वगैरे गेल्या असतील."

पाकीट त्यांनी शिपायाकडे दिलं, शिपायाने टेबलाच्या खालच्या खणात. ते पाकीट पुन्हा कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

तीन महिन्यांनी परीक्षकांचा अभिप्राय आला. लेख किरकोळ दुरुस्त्यांसह स्वीकारला होता. माहितीदात्रीचं शिक्षण नमूद करावं. माहितीदात्रीने दिलेल्या माहितीची एखाद्या तज्ज्ञाकडून खातरजमा करून घ्यावी. लेखक आणि माहितीदात्री यांच्यात पुरेशी जवळीक निर्माण झालेली दिसत नाही; क्षेत्रकार्य आणखी व्हायला हवं होतं. त्रिकोणाच्या प्रतीकाचं विवेचन मात्र परीक्षकांना मौलिक वाटलं होतं.

मी दुरुस्त्या केल्या. शिक्षण : नाही. तज्ज्ञ म्हणून आमच्याच विभागातल्या एका सहकाऱ्याचं मत घेतलं. त्यांनी आयुष्यात सुईत दोरा ओवलेला नाही.

त्या काळात दर आठवड्याला भावाचा फोन यायचा. शेवटी तो फोन अक्काकडे देई आणि अक्का पाऊसपाण्याचं काही न विचारता थेट म्हणे, "उनं का?"

"येई, अक्का. छापाले वेळ लागस."

"गोधडीलेबी लागस," ती म्हणायची. समजूत घालायची ती मलाच.

मग एक दिवस छपाईआधीची पानं मेलवर आली. चोवीस तासांत तपासून कळवावं, असं होतं. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून पाहिली. माझं नाव ठळक, खाली पदव्या. तिसरं चित्र छान उमटलं होतं. त्याच्याखाली माझ्या रेघेच्या जागी कार्यालयातल्या कुणीतरी शब्द भरला होता. 'वापरातील गोधडी. निर्माती : अज्ञात. लेखकाच्या खासगी संग्रहातून.'

मी लगेच संपादकांना फोन लावला. नाव पाकिटात होतं, म्हणालो.

"पाकीट?" ते म्हणाले. "बघावं लागेल. पण सर, पानं लागलीत. आता बदल म्हणजे तुमचा लेख पुढच्या अंकात जाईल. सहा महिने. चालेल?"

माझी निवड समिती तीन आठवड्यांवर होती.

"एकच तर शब्द आहे," मी म्हणालो.

"तेच म्हणतो मी. एका शब्दासाठी कशाला अडता? आणि खरं सांगू का, लोककला समूहाची असते. व्यक्तीचं नाव आलं की तिचं लोकपण जातं."

त्या वाक्यात काही अर्थ नाही हे मला ऐकतानाच कळत होतं. असली वाक्यं मी स्वतः बनवतो. तरी मी खिडकीबाहेर बघितलं. मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती. मी म्हणालो, "राहू द्या."

पुस्तक करू तेव्हा नाव घालू, असं मी त्याच दुपारी स्वतःला सांगितलं. पुस्तक करायचा माझा कुठलाही बेत नव्हता, अजूनही नाही.

समितीपुढे मी अंक ठेवला. एका सदस्याने विचारलं, किती पानं? मी म्हटलं, अकरा. त्यांनी खूण केली. पदोन्नती झाली.

नंतरच्या रविवारी मी अंक घेऊन गावी गेलो. अक्का ओट्यावर गहू निवडत होती. मला लांबूनच बघून तिने सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले. मी पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. चित्र तिने लगेच ओळखलं. "खाकी चड्डीवाली," ती म्हणाली. मग बोट पुढे केलं. "कोठे शे?"

मी तिचं बोट धरलं. टोकाला सुईने टोचून टोचून कातडी जाड झालेली. ते मी चित्राखालच्या ओळीवर ठेवलं.

"इतलं लांब?"

"आडनावबी शे."

"कोनतं?"

"दोन्ही."

"दोन्ही?" ती हसायला लागली. "तुन्हा बाप वरथीन दखी ऱ्हायना व्हई! वाच बरं."

मी वाचून दाखवलं. तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, माहेरचं आडनाव, मग सासरचं. तिथे नसलेली एवढी अक्षरं मी एका दमात वाचली, कुठे अडखळलो नाही. वाचनाचा सराव दांडगा. ती ओळीवर बोट ठेवून ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "अजून एक डाव."

मी आणखी एकदा वाचलं.

वहिनी सातवीपर्यंत शिकलेली आहे. संध्याकाळी चुलीपाशी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "भाऊजी, त्याठे त अज्ञात लिखेल शे."

"हा."

"अज्ञात म्हणजे ज्यानं नाव माहीत नही ते ना?"

"हा."

"पन तुम्हले त माहीत शे."

तिने कपात चहा ओतला, साखर कमी झाली असेल तर सांगा म्हणाली आणि दुसऱ्या कामाला लागली. त्या विषयावर ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही. पुढे वर्षभर घरात बायका आल्या की अक्का अंक काढायची आणि वाचायला वहिनीला हाक मारायची. वहिनी हातातलं काम ठेवून यायची आणि नाव वाचायची. मी असताना एकदा वाचलं. तिने क्रम जराही चुकवला नाही : नाव, बापाचं नाव, माहेरचं आडनाव, सासरचं. पाठ झालं होतं. आलेल्या म्हाताऱ्या कौतुकाने माना हलवत होत्या आणि वहिनी माझ्याकडे बघत नव्हती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अक्का गेली. दोन दिवस ताप आला, शिंदखेड्याच्या डॉक्टरांनी धुळ्याला न्या म्हटलं, आणि गाडी येईपर्यंत ती थांबली नाही.

उत्तरकार्याची, म्हणजे गंधमुक्तीची, पत्रिका छापायची तेव्हा भावाने विचारलं, "नाव काय टाकू?"

मी तिचं माहेरचं नाव सांगितलं.

"हाई कोन?" तो म्हणाला.

त्याचं चुकलं नव्हतं. मी म्हटलं, आपली अक्का. तो म्हणाला की त्या नावाने पत्रिका गेली तर गावात कुणाला कळणार नाही कोण गेलं, नातेवाइकांचे फोन सुरू होतील. तेही खरंच होतं. पत्रिकेवर तांदळातलं नाव छापलं, कंसात अक्का.

दहाव्यानंतर वहिनीने मला एक गोधडी दिली. शेवटची, माझ्यासाठी शिवत होती, एक कड राहिली होती ती वहिनीने पूर्ण केली. वहिनीचे टाके लांब आहेत, लगेच ओळखू येतात. गोधडी घडी करताना एका कोपऱ्यात कागद वाजल्यासारखा आवाज झाला. मी वहिनीकडे बघितलं.

"ते पान शे," ती म्हणाली. "अक्कानी कापीसन आत टाकं. तुम्हना कपडा नही सापडना म्हने, हाई टाकस."

त्रिकोण लाल आहे. उसवून बघायची गरज मला वाटली नाही. पानावर काय छापलं आहे ते मला माहीत होतं. पावसाळ्यात आवाज कमी येतो.

धुळ्याला परतल्यावर मी संपादकांना रीतसर पत्र लिहिलं. चित्र क्रमांक तीनची निर्माती अज्ञात नसून ती माझी आई आहे, तिचं जन्मनाव अमुक, कृपया पुढील अंकात दुरुस्ती छापावी. उत्तर लवकर आलं. दुरुस्ती छापण्यास हरकत नाही, मात्र सदर नावाची सदर व्यक्ती अस्तित्वात होती याचा पुरावा जोडावा : शाळा सोडल्याचा दाखला, जन्मनोंद किंवा तत्सम. अक्का शाळेत गेली नव्हती. तिच्या माहेरच्या गावी, चाळीसगावकडे, मी जाऊन आलो. ग्रामपंचायतीतल्या माणसाने जुनी रजिस्टरं काढून दाखवली, तो सज्जन होता. त्या सालांची पानं वाळवीने खाल्ली होती. आधार, बँक, सातबारा, मृत्यूचा दाखला, सगळीकडे लग्नातलं नाव. माझ्या वहीतली चौकट हा पुरावा धरला जात नाही. मी विचारून पाहिलं.

ते नाव मी इथेही लिहिलेलं नाही. तिने ते त्या पानासाठी दिलं होतं. माझ्या आठवणींसाठी मागून घ्यायचं तर आता कुणाकडे मागणार?

मध्यंतरी जळगावच्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध माझ्याकडे तपासायला आला. विषय खान्देशातल्या स्त्रियांची हस्तकला. काम कष्टाने केलं होतं. चौथ्या प्रकरणात तिने म्हटलं आहे की या भागात गोधडी शिवणाऱ्या स्त्रिया आपलं नाव पुढे येऊ देण्याबाबत उदासीन असतात. आधार म्हणून एका लेखाचा आणि त्यातल्या चित्र क्रमांक तीनचा दाखला दिला आहे. तळटीपेत माझं पूर्ण नाव आहे. बरोबर छापलं आहे.